तिसावा तास

खय्यूमभाई अंडी आणतात भुशात पुरून.
स्कूटर इतकी हळू चालवतात
की उदगीरची कुत्रीसुद्धा मागं लागत नाहीत.
"मॅडम, आज तीस. एकाला बी तडा नाही."
मी प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा टाकते
आणि अडतीस अंशांच्या उबेत ठेवून देते.

माय कोळशानं रेघ ओढायची,
रवणीचं अंडं चुकून तव्यावर जाऊ नये म्हणून.
सातव्या रात्री खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालायची,
टोचून घ्यायची, शिव्या द्यायची,
एकेक अंडं चिमणीपुढं धरायची.
शिरांचं जाळं दिसलं की म्हणायची, भरलंय.
नाही दिसलं की, गार.
दोनच उत्तरं होती तिच्याकडं.

माझं यंत्र त्याच्या फार आधी विचारतं,
तिसाव्या तासाला.
तेव्हा शिरा नसतात. रक्त लाल नसतं.
हृदय म्हणजे नुसती नळी,
भाताच्या शिताहून बारीक,
आणि निपचित.
मी तिच्यावर रंगाचा थेंब सोडते.
तो पेशींच्या कातडीला चिकटून बसतो,
आणि कातडीत वीज हलली
की त्याचा उजेड बदलतो, हजारात एक भाग,
डोळ्याला कधीच न कळणारा.
कॅमेऱ्याला कळतो. कधीकधी.

टेबल हललं की सगळं वाया,
म्हणून आम्ही रात्री बसतो.
पंखा बंद, फ्रीज बंद,
ग्यानोबा चपला काढून दाराशी उभा,
खोकला आला तर व्हरांड्यात जातो.
त्या दिवशी खय्यूमभाई थांबले होते.
पस्तीस वर्षं अंडी विकली, म्हणाले,
आतलं कधी बघितलं नाही.

अंडं एकशे चौदा.
पडद्यावर राखाडी नळी, ढिम्म.
आणि खालच्या रेघेवर
एक उंचवटा.
मग सपाट.
मग पुन्हा उंचवटा, तेवढ्याच अंतरानं.
"हललं काय?" खय्यूमभाईंनी विचारलं.
नाही. हलायला अजून दोन-तीन तास आहेत.
ठोका नाही आलेला. ठोक्याचा निरोप निघालाय
आणि तो घ्यायला अजून कुणी जागं नाही.
"मग यांच्यातलं पहिलं कोण बोललं?"

मी तेच शोधत होते चार वर्षं.
पन्नास-साठ पेशी एकदमच.
गुरुवारच्या बाजारात पहिली हाक कुणाची,
भाजीवालीची की बांगडीवाल्याची,
सांगता येतं का?
एका अंड्यात ही जागा थोडी वर, दुसऱ्यात थोडी खाली,
मुकादम अजून नेमलेला नाही.
"आणि वीज कुठली? महावितरणची तर नसंल,"
ते म्हणाले, आणि ग्यानोबा दाराशी हसला,
आणि त्या हसण्यानं रेघ थरथरली.

हे लिहिलं पाहिजे:
ज्या उजेडात ते दिसतं
तोच उजेड त्या रंगातून विष काढतो.
पाचव्या फेरीला उंचवटे बुटके झाले,
नवव्या फेरीला रेघ निजली.
रजिस्टरात रकाना आहे. मी भरला: नष्ट केले.
खय्यूमभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली.
दुसऱ्या दिवशी अंडी आणली तेव्हा
पैसे मोजून घेतले नाहीत, तसेच खिशात टाकले.

रविवारी मायचा फोन.
"एवढी अंडी घेतीस, निघाली किती?"
एकही नाही, माय.
ती गप्प. मागं कोंबड्यांचा आवाज.
"मग काय बघतीस गं?"
मी म्हणाले, तुझ्या चिमणीच्या आधीचं.
"गारच की मग ते," ती म्हणाली.
आणि जरा वेळानं, "व्हय ना?"

एकशे चौदाच्या नोंदीत
तिसऱ्या आणि चौथ्या उंचवट्याच्या मध्ये
एक मोठा, वेडावाकडा धक्का आहे.
तो हृदयाचा नाही.
साडेअकराला परळीकडं गेलेल्या
कोळशाच्या मालगाडीचा आहे.
सर म्हणाले, छापायच्या आधी तेवढा काढून टाका.
मी अजून काढलेला नाही.